भुशापासून कार्बन आणि कार्बनने रंगाईचं पाणी: छोट्या युनिटसाठी सविस्तर कृती

दोन काचेच्या बाटल्या घ्या. एकीत मिथिलीन ब्लू या चाचणीच्या रंगाचं निळं पाणी भरा, दुसरीत सुती कापडाच्या रंगाईतलं लाल रिॲक्टिव्ह रंगाचं पाणी. दोन्हींत लाकडाच्या भुशापासून फॉस्फोरिक ॲसिडने बनवलेला सारखाच चिमूटभर कार्बन टाकून हलवा. निळी बाटली बघता बघता निवळते. लाल बाटली मात्र बहुतेक वेळा होती तशीच राहते, फार तर थोडी फिकी होते.

स्वस्त कार्बनवर लिहिलेल्या लेखांपैकी बरेचसे निळ्या बाटलीवर लिहिलेले असतात. आपल्या नाल्यात जातं ते लालमधलं पाणी. म्हणून या लेखात कार्बन कसा बनवायचा हे तर सांगतोच, पण जास्त जागा दिली आहे ती तो आपल्या पाण्यावर चालतो का आणि किती लागतो हे कसं काढायचं याला. इचलकरंजी, सोलापूर, भिवंडी, मालेगाव इथल्या, दिवसाला चार-पाच हजार लिटर सांडपाणी निघणाऱ्या छोट्या सूत रंगाई युनिटचा माणूस डोळ्यांसमोर ठेवला आहे. लाखो लिटरच्या प्रोसेस हाउसला ही कृती लागू नाही. का, ते हिशेबात कळेल.

आधी पाणी ओळखा

सांडपाण्यात कुठल्या जातीचा रंग आहे यावर पुढचं सगळं ठरतं. सुतावर आज मुख्यतः रिॲक्टिव्ह रंग असतो. तो पाण्यात पूर्ण विरघळतो आणि त्याच्या रेणूवर ऋण भार असतो. टाकलेल्या रंगातला साधारण १० ते ४० टक्के भाग धाग्याला न धरता पाण्यात राहतो, आणि तो धरावा म्हणून लिटरला ४० ते १०० ग्रॅम मीठ किंवा ग्लॉबर सॉल्ट (सोडियम सल्फेट) घातलेलं असतं. सोडा ॲशमुळे पाण्याचा पीएच १०.५ ते ११ च्या घरात असतो.

व्हॅट, सल्फर आणि पॉलिस्टरवरचे डिस्पर्स रंग यांची गोष्ट वेगळी. ते पाण्यात विरघळलेले नसतात, बारीक कणांच्या रूपात तरंगतात. त्यांच्यासाठी कार्बन वापरणं म्हणजे उधळपट्टी. तुरटी किंवा हिराकस (फेरस सल्फेट) आणि चुन्याने ते खाली बसतात. ॲक्रिलिकवरचे बेसिक रंग धन भाराचे असतात, मिथिलीन ब्लूचे भाऊबंद, आणि भुशाच्या कार्बनवर ते झकास बसतात.

तेव्हा महिनाभर कुठला रंग किती किलो वापरला याची वही काढा. मास्तरकडे ती असतेच.

भुसा

लाकडाच्या वखारीत भुसा स्वस्तात मिळतो, पण काय कापलं जातं ते विचारून घ्या. बाभूळ, वेडी बाभूळ, सुबाभूळ, आंबा, कडुनिंब यांतलं काहीही चालेल. प्लायवूड, एमडीएफ किंवा पॉलिश केलेल्या जुन्या फर्निचरचा भुसा अजिबात नको, कारण त्यात डिंकाचं रेझिन असतं आणि भाजताना त्याचा विषारी धूर होतो. साल आणि माती वेगळी काढा. सालीत राख जास्त असते आणि राखेला छिद्रं नसतात.

अर्धा ते दोन मिलिमीटरचा भुसा चाळून घ्या. एकदा पाण्याने धुवा आणि मे महिन्याच्या उन्हात तीन-चार दिवस वाळवा. पावसाळ्यात हे काम ओव्हनशिवाय होणार नाही: १०५ ते ११० अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत. ओल राहिली तर पुढचं ॲसिडचं माप चुकतं.

इथे एक प्रश्न हमखास येतो: लोणारी कोळसा आयता मिळतो, तो कुटून टाकला तर? कोळशाने रंग ओढला जातो ही गोष्ट जुनीच आहे. योहान टोबियास लोविट्झने १७८५ साली सेंट पीटर्सबर्गमध्ये टार्टारिक ॲसिडचं द्रावण कोळशाने स्वच्छ करताना ती पाहिली होती. पण साध्या कोळशाची छिद्रं डांबराने बुजलेली असतात. ती उघडली की मग तो सक्रिय कार्बन. चांगल्या सक्रिय कार्बनच्या एका ग्रॅममध्ये ५०० ते १५०० चौरस मीटर पृष्ठभाग असतो. लोणारी कोळसा ८०० ते ९०० अंशांवर वाफेत तापवूनही छिद्रं उघडता येतात, पण त्यात कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन वायू निघतात, अर्धाअधिक कोळसा जळून जातो आणि भट्टी चांगल्या दर्जाची लागते. परसातलं हे काम नाही. ॲसिडची पद्धत निम्म्या तापमानावर होते, म्हणून ती निवडली आहे.

ॲसिडात मुरवणं

माप सोपं आहे: सुक्या भुशाच्या वजनाइतकं शुद्ध फॉस्फोरिक ॲसिड. बाजारात ते ८५ टक्क्यांचं येतं, म्हणून १ किलो भुशाला साधारण १.१८ किलो, म्हणजे ७०० मिलिलिटर. खत कारखान्याचं गढूळ, हिरवट ॲसिड घेऊ नका, त्यात फ्लोराइड आणि धातू असू शकतात.

प्लास्टिकच्या बादलीत १ लिटर पाणी घ्या आणि त्यात ॲसिड हळूहळू ओता. पाण्यात ॲसिड, ॲसिडात पाणी नाही. गॉगल, रबरी हातमोजे आणि ॲप्रन हवेतच. मग भुसा घालून लाकडी दांड्याने कालवा, सगळीकडे सारखा ओलावा गेला पाहिजे. झाकून रात्रभर ठेवा. दुसऱ्या दिवशी १०५ ते ११० अंशांवर वाळवा. भुसा गर्द तपकिरी, मग काळपट होऊन चुरचुरीत झाला की समजा, ॲसिडने लाकडातलं पाणी ओढायला सुरुवात केली.

ॲसिड इथे दोन कामं करतं. लाकडातल्या सेल्युलोजचं पाणी कमी तापमानालाच काढून घेतं, त्यामुळे डांबर कमी होतं. आणि ते स्वतः लाकडाच्या साच्यात फॉस्फेटच्या रूपात अडकून बसतं. नंतर धुतल्यावर फॉस्फेट निघून जातं आणि त्याच्या जागी पोकळी उरते. तीच आपली छिद्रं.

झिंक क्लोराइडनेही असा कार्बन होतो, जुन्या पुस्तकांत तीच कृती आढळते. पण धुवून उरलेलं जस्त पाण्यात उतरत राहतं. रंग काढायला जाऊन जस्त घालायचं, याला अर्थ नाही.

भाजणं

झाकणाच्या मातीच्या मुशीत किंवा चिनीमातीच्या भांड्यात माल भरा. स्टेनलेस वापरायचं असेल तर ३१६ प्रतीचं घ्या, आणि गरम ॲसिड तेही हळूहळू खातं हे गृहीत धरा. भांडं तीन चतुर्थांशच भरा. झाकणाच्या कडेला चिकणमाती लिंपा आणि वायू निघायला एक बारीक भोक ठेवा.

तापमान मिनिटाला साधारण ५ अंशांनी वाढवत ४५० अंशांवर न्या आणि तिथे तासभर धरा. जवळच्या इंजिनीअरिंग किंवा सायन्स कॉलेजात मफल फर्नेस (तापमान नेमकं धरणारी विजेची बंद भट्टी) असते; पहिल्या चाचणीपुरती तिथेच परवानगी मागा. स्वतःची विटांची भट्टी केली तर थर्मोकपल (भट्टीचं तापमान मोजणारी तार) बसवल्याशिवाय सुरू करू नका. कुंभाराच्या आव्यात करू पाहणारे असतात, पण आवा ७०० अंशांच्या वर सहज जातो आणि ताब्यात राहत नाही. साधारण ५५० च्या पुढे छिद्रं आकसू लागतात, ॲसिडही उडून जातं.

भोकातून पांढरा धूर येईल. त्यात वाफेबरोबर ॲसिडचे बारीक थेंब असतात, म्हणून हे काम उघड्यावर किंवा धुराड्याखालीच. भांडं पूर्ण थंड होईपर्यंत झाकण काढू नका. गरम कार्बनला हवा लागली की तो पेटतो, आणि मग हातात राख उरते. पहिल्या घाण्यात हीच चूक होते, कारण आत काय झालंय ते बघायची घाई असते.

कार्बन सुक्या भुशाच्या साधारण ४० ते ५० टक्के मिळतो.

धुणं: इथे नदी विसरू नका

पहिलं धुणं कमीत कमी, पण गरम पाण्याने करा आणि ते पाणी फेकू नका. त्यात बरंचसं ॲसिड परत आलेलं असतं. ते पुढच्या घाण्याला वापरा, कमी पडेल तेवढं ताजं घाला. या धंद्यात खर्च भुशाचा नसतो, ॲसिडचा असतो. पहिलं पाणी ओतून देणाऱ्याचा कार्बन स्वस्त पडत नाही.

पुढची धुणी पाण्याचा पीएच ६ ते ६.५ येईपर्यंत चालू ठेवा. त्या पाण्यात फॉस्फेट असतं. ते गटारात गेलं तर जलपर्णीला खतच. पंचगंगेकाठी राहणाऱ्याला जलपर्णी म्हणजे काय हे सांगायला नको. एका टाकीत सगळं धुण्याचं पाणी साठवून चुन्याची निवळी घालून पीएच ९-१० वर न्या. कॅल्शियम फॉस्फेटचा पांढरा गाळ खाली बसतो. वरचं पाणी सांडपाण्याच्या टाकीत सोडा.

मग कार्बन ११० अंशांवर वाळवा, खलात किंवा छोट्या बॉल मिलमध्ये दळा, १५० मायक्रॉनच्या चाळणीतून काढा आणि हवाबंद डब्यात ठेवा. उघडा ठेवला तर हवेतली ओल आणि केमिकलच्या खोलीतले वास दोन्ही ओढून घेतो.

कार्बन जमला का?

मिथिलीन ब्लूची चाचणी कार्बन जमला की नाही हे सांगते, तुमच्या पाण्यावर चालेल की नाही ते सांगत नाही. एवढं लक्षात ठेवून ती जरूर करा. लिटरला २०० मिलिग्रॅम मिथिलीन ब्लूचं द्रावण करा. त्यातलं १०० मिलिलिटर घेऊन ०.१ ग्रॅम कार्बन घाला आणि मधूनमधून हलवत २४ तास ठेवा. पाणी पूर्ण निवळलं तर एका ग्रॅमने जवळपास २०० मिलिग्रॅम रंग धरला. हा कार्बन चांगला. निळसर राहिलं तर बहुधा भाजणं कमी पडलं किंवा धुणं अर्धवट झालं. शेजारी लोणारी कोळशाचीही बाटली ठेवा, फरक डोळ्यांना दिसतो. फिल्टर पेपर स्वतःही हा रंग थोडा धरतो, म्हणून गाळलेलं पहिलं थोडं पाणी टाकून द्या.

आता लाल बाटलीचं कोडं. फॉस्फोरिक ॲसिडने बनवलेल्या कार्बनच्या पृष्ठभागावर आम्लधर्मी गट असतात. साध्या पीएचला त्यांच्यावर ऋण भार येतो. रिॲक्टिव्ह रंगही ऋण, मग दोघे एकमेकांना ढकलतात. पाण्याचा पीएच ३ ते ४ वर आणला की हा विरोध मावळतो आणि रंग बसू लागतो. गंमत म्हणजे रंगाईतलं मीठ इथे थोडी मदतही करतं. मिठाचे आयन मध्ये आले की दोन ऋण भारांमधली ढकलाढकली कमी होते.

तुमच्या कार्बनचा भार कुठे पालटतो ते घरगुती पद्धतीने काढता येतं. लिटरला ५.८५ ग्रॅम मिठाचं पाणी करा. त्याच्या ५०-५० मिलिलिटरच्या बाटल्या पीएच २, ४, ६, ८, १० ला लावा. प्रत्येकीत ०.१५ ग्रॅम कार्बन घालून दोन दिवस ठेवा आणि पुन्हा पीएच मोजा. ज्या पीएचला बदल होत नाही तो तुमचा बिंदू. त्याच्या खाली कार्बन धन, वर ऋण.

जार टेस्ट आणि खरा हिशेब

पाणी युनिटच्या टाकीतलं, दिवसभराचं मिसळलेलं घ्या. रंगाईच्या एकाच खेपेचं नको. आधी त्याला पुढे सांगितलेली पूर्वप्रक्रिया द्या आणि पीएच तुमच्या बिंदूच्या खाली आणा. मग सहा बाटल्यांत प्रत्येकी २०० मिलिलिटर पाणी घेऊन लिटरला ०.२५, ०.५, १, २, ३ आणि ५ ग्रॅम या मापाने कार्बन घाला. दोन तास हलवा, गाळा, रंग मोजा.

कलरीमीटर नसेल तर मूळ पाण्याला १०० भाग धरा आणि साधं पाणी घालून ५०, २५, १२, ६, ३ अशा निम्म्या-निम्म्याच्या बाटल्या करून ठेवा. पांढऱ्या कागदापुढे, दिवसाच्या उजेडात जुळवून बघा. सगळ्या बाटल्यांचा पीएच सारखा हवा, काही रंग पीएचबरोबर छटा बदलतात.

समजा, पाण्यात लिटरला १०० मिलिग्रॅम रंग होता. १ ग्रॅम कार्बनने तो ४० वर आला, २ ग्रॅमने १० वर आणि ३ ग्रॅमने २ वर. म्हणजे ग्रॅममागे धरलेला रंग अनुक्रमे ६०, ४५ आणि साधारण ३३ मिलिग्रॅम. पाणी जितकं स्वच्छ करत जाल तितका एकेक ग्रॅम कमी काम करतो. शेवटची छटा सगळ्यांत महाग.

लिटरला २ ग्रॅम म्हणजे ५,००० लिटरला रोजचा १० किलो कार्बन. त्यासाठी रोज २० ते २५ किलो सुका भुसा आणि जवळपास तेवढंच शुद्ध ॲसिड फिरवायला हवं. लाखभर लिटर पाणी असेल तर हेच वीसपट. आता वर ते युनिट का वगळलं हे कळलं असेल.

पण पूर्वप्रक्रियेने रंग आधीच १०० वरून ३० वर आला असेल तर? १० वर जायला आता २० मिलिग्रॅमच काढायचे आहेत. कार्बनची चाल तीच धरली तर लिटरला साधारण ०.४५ ग्रॅम, म्हणजे दिवसाला सव्वादोन किलो. दहाच्या जागी सव्वादोन! कार्बन स्वतः बनवावा की विकत घ्यावा याआधी तो कशानंतर टाकायचा हे ठरवा.

आणखी एक बचत आहे. १०० वरून थेट २ वर जायला ३ ग्रॅम लागले होते. तेच दोन टप्प्यांत करा: आधी १ ग्रॅम घालून ४० वर आणा, निथळा, मग ताजा १.२ ग्रॅम घाला. एकूण २.२ ग्रॅममध्ये काम होतं. दुसऱ्या टप्प्यातला वापरलेला कार्बन पुढच्या पाण्याच्या पहिल्या टप्प्याला वापरला तर आणखी कमी.

प्रत्यक्ष टाकीत

पूर्वप्रक्रिया अशी: पाणी एका टाकीत एकत्र करून थंड होऊ द्या. जाळीतून सुताची लव काढा. मग हिराकस आणि चुना. हिराकशीतलं लोखंड रिॲक्टिव्हमधल्या ॲझो रंगांचा बंध काही प्रमाणात तोडतं आणि गाळाबरोबर खाली नेतं. डोस जार टेस्टनेच काढा. नुसती तुरटी रिॲक्टिव्हवर फारशी चालत नाही. सायझिंगची खळ पाण्यात असेल तर आधी जैविक टाकी हवी, नाही तर कार्बनची जागा खळच अडवून बसते.

ब्लीचिंगने रंग उडवण्याच्या मोहात पडू नका. रंग दिसेनासा होतो, पण रेणूचे तुकडे आणि क्लोरीनची सेंद्रिय संयुगं पाण्यातच राहतात.

निवळलेलं पाणी तळ निमुळता असलेल्या टाकीत घ्या, पीएच तुमच्या चाचणीत ठरला त्यावर आणा, कार्बन पाण्यात भिजवून लगदा करून घाला. कोरडी पूड टाकली तर निम्मी वर तरंगते आणि निम्मी माणसाच्या फुप्फुसात जाते. ६० ते ९० मिनिटं ढवळा. बारीक कार्बन लवकर बसत नाही, पीएच ६.५ ते ७ वर आणून किंचित तुरटी घातली की बसतो. तळातून लगदा काढून मांजरपाटाच्या पिशवीत निथळवा, वरचं पाणी वाळूच्या फिल्टरमधून काढा. हा पुडीचा कार्बन कॉलममध्ये (ज्यातून पाणी सतत सोडतात त्या उभ्या नळकांड्यात) भरू नका, तासाभरात तुंबतो. कॉलमसाठी दाणेदार कार्बन लागतो, आणि तो नारळाच्या करवंटीचा विकत घेतलेला बरा.

वस्त्रोद्योगासाठी केंद्राच्या २०१६ च्या अधिसूचनेत पीएच ६.५ ते ८.५, लिटरला बीओडी (जिवाणूंना घाण कुजवायला लागणारा ऑक्सिजन) ३०, सीओडी (रसायनाने घाण जाळायला लागणारा ऑक्सिजन) २५०, विरघळलेले क्षार २१०० मिलिग्रॅम आणि रंग १५० प्लॅटिनम-कोबाल्ट एकक अशा मर्यादा आहेत. यातल्या क्षारांना कार्बन हातही लावत नाही. पाणी काचेसारखं दिसेल आणि मीठ जिथल्या तिथे असेल. असं पाणी शेतात सोडलं तर काळी जमीन चोपण होते. तमिळनाडूतल्या तिरुपूरमध्ये नोय्यल नदीकाठी नेमकं हेच झालं, आणि २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने तिथली रंगाई युनिटं बंद पडली. म्हणून मीठ असलेलं पहिलं रंगाईचं पाणी आणि नंतरची फिकी धुणी वेगळ्या नळांनी काढा. कार्बनने स्वच्छ केलेली फिकी धुणी पहिल्या धुण्याला परत वापरता येतात. मिठाचं पाणी सामुदायिक प्रक्रिया केंद्राकडे किंवा बाष्पीभवनाकडे.

वापरलेला कार्बन

रंग नाहीसा झालेला नाही, तुमच्या पिशवीत आला आहे. घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत वापरलेला कार्बन नोंदलेला आहे. तो बॉयलरच्या भट्टीत टाकायचा नाही, कारण कित्येक रिॲक्टिव्ह रंगांत क्लोरीन आणि गंधक असतं. पुडीचा कार्बन पुन्हा भाजून जिवंत करणं या आकारात परवडत नाही. निथळवून, वाळवून, प्लास्टिकचं अस्तर असलेल्या गोणीत भरा. गोणीवर तारीख आणि वजन लिहा. ती छपराखाली, जमिनीपासून वर, सिमेंटच्या ओट्यावर ठेवा. तळोजा, रांजणगाव आणि बुटीबोरी इथे घातक कचऱ्याची सामुदायिक केंद्रं आहेत. जवळच्या केंद्राचं सभासदत्व घ्या आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रात कार्बनची नोंद करून घ्या. भट्टी लावून कार्बन स्वतः बनवणार असाल तर त्याचीही संमती वेगळी लागेल, ती पहिल्या घाण्याच्या आधी मागा. आणि केंद्राची गाडी मृगाच्या आधी बोलवा. एकदा पाऊस लागला की ओट्यावरच्या गोण्यांतून लाल पाणी पाझरायला फार वेळ लागत नाही.